मनुष्यबळ बचत : एक

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज दहा कायझेन लिहिले. त्यातले माझे दोन. बाकीचे आठ दुसऱ्यांच्या नावावर.

माणशी महिन्याला दोन कायझेन, म्हणजे कामातल्या लहान सुधारणा, सुचवायच्या आणि छापील फॉर्मवर भरून द्यायच्या, हा नियम वरपासून खालपर्यंत सगळ्यांना. तपासणीच्या टेबलावरच्या पाच बायकांनासुद्धा. त्या ठेकेदाराच्या, कंपनीच्या नाहीत, पण त्यांचे कायझेन मात्र कंपनीचे! फॉर्म निम्मा इंग्रजी. मग त्या तोंडाने सांगतात आणि मी लिहिते. कधी कधी सांगतही नाहीत. "टाका की मॅडम कायतरी," म्हणतात. मी टाकते.

फॉर्मच्या शेवटी 'फायदा' असा रकाना आहे. तो रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर फॉर्म पुढे घेत नाही. म्हणून तिथे सगळेच ठोकून देतात — 'मनुष्यबळ बचत : एक'. मी नवी होते तेव्हा मलाही तसंच शिकवलं. पाच वर्षांत आम्ही कागदावर जेवढी माणसं वाचवली तेवढी खरंच कमी झाली असती, तर कंपनीला कुलूप लावायलाही कुणी उरलं नसतं.

आज टेबलावरच्या भागीबाईंच्या नावावर पेटीचा कायझेन टाकला. हा मात्र खरोखर त्यांचाच. गाडीच्या काचेवर पाणी उडवतात ना, त्या नळीचे प्लॅस्टिकचे जोड आम्ही करतो. आत एक रबरी रिंग असते. ती नीट बसली की नाही हे बायका करंगळी आत फिरवून बघतात. भागीबाई एकदा जोड ट्यूबलाइटकडे धरून एका डोळ्याने बघत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, उजेडावर धरलं की कळतंय बघा, बसली का नाय." त्यावरून मी दिव्याची पेटी करून घेतली. जोड ठेवायचा, हिरवा दिवा लागला की पास, लाल लागला की बाजूला. झकास झाली आहे. 'फायदा'मध्ये नेहमीचंच लिहिलं.

दिवसभर कागदावर वाट्टेल ते लिहिते, निदान या वहीत तरी खरं लिहायचं, असं जानेवारीत ठरवलंय. अजून तरी पाळलंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवे प्लँट हेड रुजू झाले. किशोर सर, पुण्याचे. आवाज चढवत नाहीत. खिशात छोटी वही. ठेकेदाराचा सुपरवायझर समाधान म्हणाला, "मॅडम, ओरडणारा परवडतो. हा नुसता लिहून घेतो."

माझ्या बढतीची फाइल आता यांच्याकडे. दोन वर्षं ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आहे. मागच्या मार्चमध्ये अश्विनला असिस्टंट मॅनेजर केलं. माझ्यानंतर दीड वर्षाने आलेला. मापं तपासायचं गेज कसं धरायचं ते मी शिकवलं त्याला. त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन त्याच्याकडे पेढे मागितले. हसत! या वर्षी झाली नाही तर काय करीन ते माहीत नाही. झालीच पाहिजे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भागीबाईंची पेटी प्लँटच्या कायझेन स्पर्धेत पहिली आली!

कँटीनमध्ये कार्यक्रम झाला. किशोर सरांच्या हस्ते भिंतीवरचं घड्याळ आणि प्रमाणपत्र. भागीबाई नवी साडी नेसून आल्या होत्या, वरून कंपनीचा ॲप्रन. पेठकडच्या डोंगरातून नवऱ्याबरोबर सिन्नरला आल्या, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून याच टेबलावर. मध्ये तीन ठेकेदार बदलले, भागीबाई बदलल्या नाहीत. आज पहिल्यांदा त्यांचं नाव माइकवरून घेतलं गेलं. फोटो लगेच सूचना फलकावर लागला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याची एक कापी काढून द्या. सुवर्णीला दाखवते." सुवर्णा त्यांची मुलगी, नाशिकला फार्मसीला आहे.

इथवर छान चाललं होतं. मग कुणाला तरी सुचलं की बाईंना दोन शब्द बोलू द्या. दिला माइक.

"पेटी चांगली हाय. मॅडमनी लय खटपट केली. पण मी अजून करंगळी फिरवूनच माल सोडते. रिंगला बारीक कट आसला तर पेटीला कळत नाय. हिरवाच दिवा लागतो."

सगळे हसले. कौतुकानेच हसले. किशोर सर हसले नाहीत. त्यांनी वही काढली.

मला राग आला. इथे लपवून काय करू! भर सभेत हे बोलायची काय गरज होती? मला एकटीला सांगायचं. आणि मग आठवलं — सांगितलं होतं. दोनदा. मी "बघू" म्हणाले होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सरांनी बोलावलं. टेबलावर भागीबाईंचा फॉर्म, आणि 'फायदा'वर पेनाचं टोक.

"इथे एक माणूस वाचला असं लिहिलंय."

"हो सर."

"आधी टेबलावर पाच बायका होत्या. आता किती आहेत?"

"पाच."

"मग तो एक कुठे आहे?"

मला आधी हसूच आलं. वाटलं, चेष्टा करतायत. सांगणार होते की सर, ते तसं काही नसतं, रकाना भरावा लागतो म्हणून सगळे लिहितात. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "सर, अजून ट्रायल सुरू आहे."

"ठीक आहे. पंधरा मार्चपर्यंत दाखव. वीसला पुण्यात फायनल आहे, ग्रुपच्या सगळ्या प्लँटची. तुमची पेटी पाठवतोय. परीक्षक पहिल्यांदा हेच विचारतात. ऑपरेटर आणि इंजिनिअर, दोघी स्टेजवर लागतील." मग फॉर्म फाइलमध्ये घालता घालता म्हणाले, "पुणे नीट पार पडलं की तुझी बढतीची फाइल मी स्वतः घेऊन जाईन."

संध्याकाळी कंपनीची बस इंदिरानगरला, माझ्या स्टॉपवर थांबली तरी मी बसूनच होते. ड्रायव्हरने हाक मारली तेव्हा उतरले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्या सांगायचं. सरळ. 'सर, तो आकडा खोटा आहे. नुसता लिहायचा म्हणून लिहिला. पाचही बायका लागतात.' तीन वाक्यं. पाठ केलीत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सर मुंबईला गेलेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

सायखेड्याला घरी जाऊन आले. आई म्हणाली, "तुझ्या बढतीचं कुठवर आलं? मामी दर वेळी विचारते." दादा कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. वडिलांना आम्ही सगळेच दादा म्हणतो. त्यांच्याशेजारी बसून जुड्या बांधता बांधता सगळं सांगितलं. दादांनी मान वर न करता विचारलं, "मग आवघड काय हाय त्यात? खोटं लिव्हलं म्हणून सांगून टाक. फार तर काय, बढती मिळणार नाय."

फार तर! मी जुड्या बांधत राहिले. पण परत येताना बसमध्ये दादांवर चिडून होते. त्यांना काय माहीत, एकेक वर्ष कसं काढलंय ते! मीटिंगमध्ये माझा मुद्दा अश्विन मोठ्याने बोलतो आणि शाबासकी घेतो. ग्राहकाचे लोक आले की चहा सांगायला मलाच उठवतात. पाच वर्षं. फार तर म्हणे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सर होते. सांगितलं नाही.

१ मार्च, शनिवार

ब्लेडने मुद्दाम कट दिलेल्या चाळीस रिंगा जोडांत बसवल्या आणि पेटीवर ठेवल्या. तेरा वेळा हिरवा दिवा.

तेच चाळीस जोड न सांगता भागीबाईंच्या ट्रेमध्ये मिसळले. चहाच्या सुट्टीआधी त्यांनी चाळीसच्या चाळीस बाजूला काढून ठेवले होते. वर मलाच म्हणतात, "मॅडम, आजचा माल कोणी चावलाय का?" टेबलभर हसू. मीही हसले. सगळ्यात जास्त मीच.

चाचणीचा कागद तयार केला, सही केली. मग ड्रॉवरमध्ये ठेवला. सोमवारी सरांना देऊ.

५ मार्च, बुधवार

कागद ड्रॉवरमध्येच आहे. सरांनी जाता जाता विचारलं, "दहा दिवस राहिले, पल्लवी. कोण ते ठरलं?"

टेबलावर कुणकुण लागली आहे. जेवणाच्या सुट्टीत नेहमीसारखे डबे फिरले नाहीत. सरिता सगळ्यांत नवी, पाच महिन्यांपूर्वी आलेली. ती माझ्याकडे बघतच नाही. नव्या माणसालाच आधी काढतात हे तिला कुणी सांगायला नको. भागीबाई तिला समजावत होत्या, "तू नको घाबरू. मॅडम हायेत आपल्या."

८ मार्च, शनिवार

महिला दिन. कँटीनमध्ये फुगे, एक भाषण, प्रत्येकीला गुलाब आणि कुंडीतलं रोप. प्रत्येकीला म्हणजे कंपनीच्या पटावर असलेल्या सतरा जणींना. टेबलावरच्या पाच जणी दारातून बघत होत्या. माझा गुलाब मी भागीबाईंना दिला. त्यांनी तो सरितेच्या केसांत खोचला.

पुण्याची तालीम सुरू केली आहे. भागीबाईंना म्हणाले, परीक्षकांनी विचारलं तर एवढंच सांगायचं की पेटी आल्यापासून काम सोपं झालं. त्या म्हणाल्या, "सांगते की. आन कटाचं पण सांगू ना? पुण्याची माणसं शिकलेली, त्यांना कायतरी उपाय म्हाईत आसंल."

किती सरळ विचार. मी तालीम तिथेच थांबवली.

१० मार्च, सोमवार

डोकं ठणकतंय. लिहिण्यासारखं काही नाही.

११ मार्च, मंगळवार

ठेकेदाराकडून नाव आलं. भागीबाई.

असे निर्णय ठेकेदारच घेतो, कंपनी नाही, नियमच तसा आहे. वय, जुनी नोकरी, असलं काहीतरी त्यांचं गणित असणार. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर बोलले असते. माझ्या हातात काही नव्हतं. पुण्याला आता सरितेला न्यायचं ठरलंय.

खरंच माझ्या हातात काही नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

पाळी सुटताना समाधानने भागीबाईंना सांगितलं, "मावशी, थोडे दिवस ब्रेक घ्या. बोलावतो नंतर." काढलं असं कुणी म्हणत नाही. ब्रेक दिला म्हणतात. भागीबाईंना तो खराच वाटला. आधीही ठेकेदार बदलताना असे आठ-दहा दिवस मिळाले होते त्यांना. म्हणाल्या, "बरं झालं, पेठला जाऊन येते. आईला भेटून दोन वर्सं झाली."

मी लॅबमध्ये होते. बाहेर आले नाही.

१७ मार्च, सोमवार

भागीबाई पेठला गेल्याच नाहीत. माझ्या बसच्या वेळेला गेटवर उभ्या. "घरी करमंना, म्हटलं बघावं, घेतात का." पास लावला. लाल दिवा. पुसून परत लावला. लाल. मला म्हणाल्या, "मिशिन बिघडलंय वाटतं." मी माझा पास लावला. हिरवा.

सिक्युरिटीवाल्याने यादी बघितली आणि म्हणाला, "मावशी, तुमचं नावच नाही यात." त्यांच्या मागे रांग लागली होती. मग मलाच म्हणाल्या, "तुम्ही जावा आत मॅडम. तुम्हाला उशीर व्हईल."

मी गेले आत. आज एक ओळही नीट वाचता आली नाही. कॉम्प्युटर उघडायचा आणि बघत बसायचं. जेवले नाही. मला स्वतःची किळस येते आहे.

२० मार्च, गुरुवार

पुणे. दुसरा नंबर.

सरितेने लिहून दिलेलं घडाघडा म्हटलं. कुठे अडखळली नाही. परीक्षकाने विचारलं, "ही कल्पना सुचली कशी?" ती म्हणाली, "उजेडावर धरलं तेव्हा." तेही मीच लिहून दिलं होतं. माणूस वाचल्याचा प्रश्न आला तेव्हा मी उत्तर दिलं, "आधी पाच, आता चार." परीक्षकांनी मान हलवली. सर पहिल्या रांगेत होते. पहिल्यांदा त्यांना हसताना बघितलं.

येताना संगमनेरला जेवायला थांबलो. सरिता पानातलं चिवडत बसली होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काय नाय मॅडम. फोटो मावशींचा लागला होता ना फळ्यावर."

फोटो परवाच काढलाय. तिथे आता सुरक्षा सप्ताहाचा फोटो आहे.

२५ मार्च, मंगळवार

पत्र मिळालं. एक एप्रिलपासून असिस्टंट मॅनेजर. दोन वर्षं ज्याची वाट बघितली तो कागद हातात होता आणि मी त्यावरच्या तारखेचे आकडे नुसते बघत राहिले. पेढे वाटले. अश्विनने दोन घेतले. आईला फोन केला, ती रडली. दादांनी विचारलं, "मग त्या बाईचं काय झालं?" मी म्हणाले, आवाज येत नाही, नंतर करते.

दुपारी टेबलाकडे गेले. सरिता जोड पेटीवर ठेवत होती, हिरवा दिवा लागत होता, आणि तरी प्रत्येक जोडात करंगळी फिरवून मग ट्रेमध्ये टाकत होती. मला बघून हात खाली घेतला. मी काही न बघितल्यासारखं केलं. चौघीही तसंच करतात, हे उशिरा लक्षात आलं. पाच जणींचं काम आता चौघी करतायत, पेटीही आणि करंगळीही. जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटांत उरकतात.

चाचणीचा कागद ड्रॉवरमध्ये नव्हता. मीच फाडला होता. विसरले होते. नाही, विसरले नव्हते.

२९ मार्च, शनिवार

पाळी सुटल्यावर गेटबाहेर भागीबाई. हातात पिशवी. वाटलं, दुसऱ्या दाराने निघून जावं. पण त्यांनी बघितलं होतं.

"सरितीनं सांगितलं, तुम्ही मोठ्या साहेब झाल्या. म्हटलं पाडव्याच्या आधी तोंड गोड करावं, पर गोड काय नाय माझ्याकडं. पापड हायेत नागलीचे. परवा पेठला जाऊन आले, तिथून आणले."

आता जवळच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात जातात. रोज नसतं काम, बोलावतील तेव्हा. दिवसभर उभं राहावं लागतं. "घड्याळ लावलंय घरी. बरोबर चालतं," म्हणाल्या. मी पिशवी घेतली. विचारलं, पाय दुखतात का? त्या म्हणाल्या, "दुखणारच की. वय झालं." मग जवळ येऊन हळू आवाजात, "मॅडम, मला म्हाईत हाय. तुम्ही माझ्यासाठी लय भांडल्या आसणार. समाधान कायबी सांगत नाय, पर मला कळतंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ठेकेदारापुढं कोणाचं चालतं?"

माझा हात हातात घेऊन थोपटला. करंगळीला घट्टा आहे त्यांच्या. मग सिन्नरची जीप आली आणि त्या गेल्या.

३० मार्च, रविवार. पाडवा

अकरा तारखेचं पान खोटं आहे.

नाव ठेकेदाराने दिलं नाही. मी दिलं. दहा मार्चला, सोमवारी, साडेअकराला, सरांच्या केबिनमध्ये. सरांनी पाच नावांचा कागद पुढे सरकवला. म्हणाले, "टेबल तुझं आहे, तूच सांग. ठेकेदाराला मी कळवतो." तेव्हाही सांगता आलं असतं की आकडा खोटा आहे. सरितेचं नाव घेतलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण सरिता लिहून दिलेलं बोलली असती आणि भागीबाई पुण्यात स्टेजवर खरं बोलल्या असत्या.

मी पहिल्या नावावर बोट ठेवलं. सर म्हणाले, "नक्की?"

मी म्हणाले, "हो सर."